डांबरावर होता की साइडपट्टीवर?

"विमा नसेल तर पेट्रोल देऊ नका, फास्टॅग बंद करा" ही सूचना दर काही महिन्यांनी वर येते आणि मग ठरल्यासारखी दोन टोळ्यांची जुंपते. एक टोळी म्हणते हा सगळा विमा कंपन्यांची घरं भरायचा धंदा आहे, पंधरा वर्षं हप्ते भरले, एक रुपया परत आला नाही, आता स्कूटर भंगारात घातली तर दहा हजार येणार नाहीत, तिला कसला विमा. दुसरी टोळी म्हणते कायदा म्हणजे कायदा, दंड वाढवा, गाड्या उचला, लोक सरळ होतील. दोघांचंही ऐकून घेतलं की वाटतं, अरे पण ज्याच्या अंगावर गाडी जाते तो माणूस या भांडणात आहे कुठे? एक जण मालकाच्या खिशाचं बोलतोय, दुसरा मालकाच्या शिस्तीचं, म्हणजे शेवटी दोघंही मालकाबद्दलच बोलतायत.

माझं मत आधीच सांगून टाकतो. विम्याची सक्ती पाहिजेच. पण थर्ड पार्टी विमा, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याला इजा झाली तर त्याला भरपाई देणारा विमा, मालकाने भरला तरी तो मालकाचा नसतो, तो रस्त्यावरच्या जखमी माणसाचा असतो, आणि हे एकदा मान्य केलं की त्याच्या हातात पैसे पडायच्या वाटेत 'हप्ता भरला होता का' आणि 'चूक कोणाची' हे दोन प्रश्न उभेच राहायला नकोत. ते प्रश्न विचारू नका असं मी म्हणत नाही. विचारा ना, पण नंतर, आणि आपसात.

आमच्या घराचं काम केलेले एक मिस्त्री आहेत, सगळे त्यांना मिस्त्रीच म्हणतात. रस्त्याच्या कडेला बाइक लावून फोनवर बोलत उभे होते, मागून टेम्पो आला आणि उजवा पाय चेंदला. पायात रॉड आहे, गुडघा वाकत नाही, अपंगत्वाच्या दाखल्यावर ४० टक्के लिहिलंय. आता गवंड्याचा गुडघा वाकत नसेल तर परांचीवर चढणार कसा, म्हणजे कागदावर ४० असलं तरी त्यांच्या धंद्यापुरतं ते शंभरच आहे. (कोर्टंही हे मानतात, शरीराचं अपंगत्व वेगळं आणि कमाईचं वेगळं, पण ते पटवून द्यायला डॉक्टर साक्षीला आणावा लागतो आणि डॉक्टरला वेळ नसतो.) टेम्पोचा विमा होता, म्हणजे तसे नशीबवानच म्हणायचे. क्लेमचं चौथं वर्ष चालू आहे. मागे एका तारखेला त्यांची उलटतपासणी होती, सोबत म्हणून मी गेलो होतो. कंपनीच्या वकिलांनी विचारलं, "तुम्ही डांबरावर होता की साइडपट्टीवर?" मिस्त्री जरा थांबले, म्हणाले, "साहेब, मी साइडपट्टीवर होतो, गाडीचं चाक डांबरावर असंल." झालं, ते वाक्य उतरून घेतलं गेलं. आता सगळा वाद त्या चाकावर, कारण चाक डांबरावर म्हणजे यांचीही थोडी चूक, त्याला कॉन्ट्रिब्युटरी निग्लिजन्स म्हणतात, आणि जेवढे टक्के चूक यांच्या नावावर लागेल तेवढे टक्के भरपाई कापली जाणार. ते वकील वाईट माणूस नव्हते, त्यांचं कामच ते आहे. मला एवढंच कळत नाही की चाक दीड फूट आत असलं किंवा बाहेर असलं तर मिस्त्रींच्या गुडघ्यात नेमका काय फरक पडला?

आता पहिल्या टोळीकडे येतो, कारण त्यांचा राग अगदीच खोटा नाही. हप्ता खरंच सगळ्यांना सारखा आहे. २०२२ साली ठरलेल्या दराने ७५ ते १५० सीसीच्या दुचाकीला वर्षाला ७१४ रुपये, वर १८ टक्के जीएसटी. सकाळी दूध टाकणाऱ्या पोऱ्याला तेवढेच आणि आयटीवाल्याला तेवढेच. अपघातग्रस्तांसाठीच्या सक्तीच्या पैशावर सरकारने जीएसटी का घ्यावा हे मला आजवर कोणी समजावून सांगू शकलेलं नाही, तो काढाच. पण "मला काही परत मिळालं नाही" हे रडगाणं मात्र चुकीचं आहे. हा विमा तुम्हाला काही परत द्यायला काढलेलाच नाही. तुमच्या गाडीचं नुकसान भरणारा विमा वेगळा असतो, तो ऐच्छिक आहे, नका घेऊ. सक्ती आहे ती दुसऱ्याच्या पायासाठी. आणि भंगारात दहा हजारालाही न जाणारी स्कूटर पाय मात्र नव्या गाडीइतकाच मोडते, उलट ब्रेक जुने असतात. दिवसाला दोन-सव्वादोन रुपयांत तुम्ही चाळीस लाखांच्या जबाबदारीतून सुटता, कारण मृत्यू आणि दुखापतीच्या भरपाईला या विम्यात वरची मर्यादाच नाही. याला लूट म्हणायचं तर स्वस्त कशाला म्हणायचं?

दुसऱ्या टोळीचा मुद्दा जास्त ताकदीचा वाटतो पण तो जास्त पोकळ आहे. विमा नसला तर पहिल्यांदा २,००० रुपये दंड आणि पुन्हा सापडलात तर ४,०००, शिवाय तुरुंगाची तरतूदही आहे. तरीही सरकारी अंदाजच सांगतात की रस्त्यावरच्या निम्म्याच्या आसपास गाड्या विनाविमा फिरतात, आणि त्यात दुचाकींचाच भरणा जास्त. सुप्रीम कोर्टाच्या सांगण्यावरून सप्टेंबर २०१८ पासून नवीन दुचाकीला एकदम पाच वर्षांचा आणि कारला तीन वर्षांचा विमा सक्तीचा झाला, त्याने फरक पडला पण पाच वर्षं संपली की गाडं पुन्हा मूळपदावर. पेट्रोल पंपावर अडवा म्हणता, बरं अडवा, माझी हरकत नाही, समजा शंभरातल्या पंचाण्णव गाड्या लायनीत आल्या. उरलेल्या पाचांनी कोणाला उडवलं तर त्या माणसाने कोणाकडे जायचं? कायदा सांगतो की ट्रिब्युनलचा, म्हणजे अपघात भरपाईच्या कोर्टाचा, निकाल घ्या, पैसे आले नाहीत तर कलेक्टरमार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली करा. ज्याला सातशे रुपये जड झाले त्याच्याकडून बारा लाख वसूल करणार? अपघातातली विनाविमा गाडी सोडू नका, तारण नाही दिलं तर विकून ते पैसे जखमीला द्या असंही कोर्टाने सांगून झालंय. विका. पंधरा वर्षं जुन्या बाइकचे किती येतील ते वर पहिल्या टोळीनेच सांगितलंय.

आणि हा घोळ आजचा नाही. ब्रिटनने १९३० साली सक्ती आणली, आपल्याकडे १९३९ च्या मोटर वाहन कायद्यात ते प्रकरण लिहिलं गेलं आणि लागू व्हायला १ जुलै १९४६ उजाडला. त्याच १९४६ मध्ये ब्रिटनमधल्या विमा कंपन्यांनी एकत्र येऊन एक ब्युरो काढला, कशासाठी, तर विमा नसलेल्या गाडीने कोणाला जखमी केलं तर सगळ्या कंपन्यांनी मिळून भरपाई द्यायची. म्हणजे सक्ती केली तरी काही लोक बुडवणारच हे त्यांनी तेव्हाच धरून चाललं होतं, आणि त्या बुडव्यांची किंमत जखमी माणसाने भरायची नाही हे ठरवलं. आपण सक्ती घेतली आणि दुसरा अर्धा भाग तिकडेच ठेवून आलो. थोडंफार इथेही आहे, २०१९ च्या दुरुस्तीत अपघात निधीची तरतूद आली, आणि लायसन्स खोटं निघालं वगैरे तर कंपनीने आधी जखमीला पैसे द्यावेत आणि नंतर मालकाकडून वसूल करावेत असे निकाल आहेत, वकील मंडळी त्याला पे अँड रिकव्हर म्हणतात. पण त्यासाठी निदान पॉलिसी तरी असावी लागते. पॉलिसीच नाही तिथे सगळंच थांबतं.

याचा परिणाम काय होतो ते एका पायावरून सांगतो. पाय तोच, मोडला तसाच, एकाच हाडात. विमा असलेल्या ट्रकने मोडला तर पूर्ण भरपाई, चार-पाच वर्षांनी का होईना, व्याजासकट. विमा नसलेल्या टेम्पोने मोडला तर निकालाचा कागद. धडक देऊन गाडी पळून गेली तर सरकारी योजनेतून गंभीर दुखापतीला ५०,००० आणि मेलात तर घरच्यांना २ लाख, आणि हेही २०२२ पासून, त्याआधी १२,५०० आणि २५,००० होते. मित्राच्या बाइकवर मागे बसला होतात आणि बाइक घसरून मोडला तर मित्राच्या नुसत्या अॅक्ट पॉलिसीतून (म्हणजे सक्तीपुरत्याच काढलेल्या विम्यातून) शून्य, कारण मागे बसणारा 'थर्ड पार्टी' मध्ये येत नाही असं सुप्रीम कोर्टाने २००६ मध्येच सांगून ठेवलंय. बायकोला, मुलीला रोज मागे बसवून नेणाऱ्या किती जणांना हे माहीत आहे? आणि हाच माणूस तिकीट काढून लोकलच्या दारातून पडला असता तर? रेल्वे कायद्याचं १२४-अ कलम रेल्वेची चूक विचारत नाही. तिकीट होतं, आत्महत्या नव्हती, दारू प्यालेला नव्हता एवढं दिसलं की पुरे, मृत्यूला ८ लाख रुपये. रेल्वेसुद्धा फुकट देत नाही, तिकिटावरून खूप भांडते, पण निदान 'दारात का उभा होतास' म्हणून भरपाई कापली जात नाही. स्टेशनच्या आतल्या बाजूला चूक न बघता भरपाई हे आपल्याला चालतं, मग जिना उतरून रस्त्यावर आलं की असं काय बदलतं?

चूक सिद्ध करा आणि पैसे घ्या, हे तत्त्व ऐकायला न्याय्य वाटतं. गिरण्यांच्या काळातही वाटायचं. पट्ट्यात हात गेला तर मालक म्हणायचा तुझं लक्ष नव्हतं, नाहीतर शेजारच्या कामगाराची चूक, माझा काय संबंध. १९२३ च्या कामगार भरपाई कायद्याने हा वाद एका झटक्यात मोडला: कामावर जखमी झालास, मालक पैसे देईल, मालकाचा निष्काळजीपणा सिद्ध करायची गरज नाही. तेव्हाही ओरड झालीच असणार की आता कामगार मुद्दाम बोटं कापून घेतील. भोपाळ १९८४ नंतर १९९१ च्या कायद्याने घातक रसायनांच्या कारखान्यांना विमा सक्तीचा केला आणि तिथेही चूक शोधायची अट काढून टाकली. या सगळ्यामागचा विचार साधा आहे. एखादं काम समाजाला हवंय, त्यातून ठरावीक माणसं जखमी होणारच आहेत हे आकड्यांनी दिसतंय, तर ती किंमत त्या कामाच्या खर्चात धरा, ज्याच्या नशिबी आली त्याच्या गळ्यात मारू नका. गाड्यांचं याहून वेगळं काय आहे? २०२२ या एका वर्षात देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं मेली, रोजची साडेचारशेच्या वर, दर पाचातला जवळपास एक जण पायी चालणारा. दरवर्षी इतक्या नेमाने घडणाऱ्या गोष्टीला आपण अजून 'अपघात' म्हणतो हीच गंमत आहे.

आता विरोधातला सगळ्यात पक्का मुद्दा, जो या चर्चेत कोणी नीट मांडतच नाही म्हणून मीच मांडतो. चूक न बघता द्यायचं म्हणजे रक्कम कायद्यात ठरवून टाकावी लागते, आणि कायद्यात लिहिलेली रक्कम सडते. १९७७ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की विमा असला तरी चूक सिद्ध झाल्याशिवाय भरपाई नाही, मग १९८२ मध्ये संसदेने चूक न बघता द्यायची भरपाई आणली, रक्कम मृत्यूला १५,००० आणि कायमच्या अपंगत्वाला ७,५००. १९९४ मध्ये वयाप्रमाणे आणि उत्पन्नाप्रमाणे भरपाईचा तक्ता आला, त्यात न कमावणाऱ्याचं वर्षाचं उत्पन्न १५,००० धरलं होतं, आणि ते २०१८ पर्यंत तसंच राहिलं! चोवीस वर्षं. तेवढ्या काळात त्या पंधरा हजाराचं काय उरलं ते कोणत्याही घर चालवणाऱ्या बाईला विचारा. सध्या मृत्यूला ५ लाख आणि गंभीर दुखापतीला अडीच लाख आहे. याउलट कोर्टांनी काय केलं बघा. २००९ च्या निकालाने वयाप्रमाणे मल्टिप्लायर, म्हणजे वर्षाच्या उत्पन्नाला ज्याने गुणायचं तो आकडा, पक्का केला, पंचविशीपर्यंत १८, चाळिशीपर्यंत १५ असा उतरत जाणारा, २०१७ च्या निकालाने स्वतःचा धंदा करणाऱ्याच्या आणि ठरावीक पगारवाल्याच्याही उत्पन्नात पुढची वाढ धरायला लावली, वय चाळिशीच्या आत असेल तर ४० टक्के, आणि अंत्यविधी वगैरेच्या रकमा दर तीन वर्षांनी १० टक्के वाढवा म्हणून सांगितलं. म्हणजे वकील म्हणतात की आमच्या तारखा परवडल्या पण तुमचा तक्ता नको, तर ते उगाच म्हणत नाहीत. हे मला मान्य करावंच लागतं.

पण यातून निघतं काय? रक्कम सडते म्हणून चूक शोधत बसा, असं तर नाही निघत. रक्कम महागाईला जोडा, आमदार-खासदारांचे भत्ते वाढवायला चोवीस वर्षं लागत नाहीत. मल्टिप्लायर तर कोर्टाने तयारच ठेवलाय, वय आणि उत्पन्न टाका, गणित शाळेतल्या पोराला येईल, त्याला चूक कोणाची हे लागतच नाही. आणि ज्याला वाटतं आपल्याला याहून जास्त मिळायला हवं, त्याचा ट्रिब्युनलचा रस्ता बंद करू नका. न्यूझीलंडने १९७४ पासून चूक न बघता भरपाई सुरू केली आणि बदल्यात कोर्टात जायचा हक्कच काढून घेतला, तेवढं टोक गाठायची मला गरज दिसत नाही. पहिला मजला सगळ्यांना लगेच, वरचा मजला ज्याला चढायचा त्याने चढावा. मिस्त्रींना पहिल्या सहा महिन्यांत काही मिळालं असतं तर पोराला कॉलेज सोडून ओळंबा आणि थापी हातात घ्यावी लागली नसती, चार वर्षांनी येणारं व्याज त्या पोराला परत कॉलेजात घालत नाही.

खोट्या क्लेमचं काय? आहेत, भरपूर आहेत. उत्तर प्रदेशात तर त्यासाठी हायकोर्टाने एसआयटी नेमली आणि प्रकरण वकिलांवर कारवाई होण्यापर्यंत गेलं. पण खोटे क्लेम होतात कसे ते बघा ना. माणूस खरंच जखमी असतो, पण गाडी पळून गेलेली असते किंवा तिला विमा नसतो, मग विमा असलेली एखादी ओळखीची गाडी शोधून एफआयआरमध्ये घुसवतात. म्हणजे बऱ्याचदा खोटी गाडी असते, पाय खरा असतो. पळून गेलेल्या गाडीला ५० हजार आणि विमेवाल्या गाडीला दहा लाख असा फरक ठेवलात तर लोक गाडी शोधणारच. फरक काढा, अर्ध्या लबाडीला कारणच उरणार नाही. पूर्ण बनावट, म्हणजे बाथरूममध्ये घसरलेला माणूस रस्त्यावर आणून ठेवणं, ते मात्र राहील आणि त्यासाठी पोलीस आहेतच.

मग ड्रायव्हर बेफिकीर होतील, हा आणखी एक. मला सांगा, वळणावर ओव्हरटेक करताना कोणाच्या डोक्यात 'कंपनी भरेल' हा विचार असतो? भरपाई आजही त्याच्या खिशातून जात नाही, कंपनीच देते. त्याला वचक असतो तो शिक्षेचा, लायसन्सचा आणि जमावाचा. निष्काळजीपणाने जीव घेतल्याची शिक्षा आता पाच वर्षांपर्यंत आहे, ती ठेवा. जानेवारी २०२४ मध्ये पळून जाणाऱ्या ड्रायव्हरच्या दहा वर्षांच्या शिक्षेवरून ट्रकवाल्यांनी चाकं थांबवली, पंपांवर रांगा लागल्या, ते कलम तेवढ्यापुरतं बाजूला ठेवलं गेलं आणि विषय संपला. त्या सगळ्या गदारोळात पळून गेलेल्या गाडीखाली आलेल्याला पन्नास हजार मिळतात यावर कोणी चकार शब्द काढल्याचं मला आठवत नाही. आणि दारू पिऊन स्वतःच झाडावर आदळलेला? मला विचाराल तर उपचार हो, बुडालेल्या कमाईची भरपाई नाही. यावर माझ्याशी भांडायला जागा आहे.

खर्च वाढेल का? वाढेल. ज्यांची स्वतःची चूक होती म्हणून आज हात हलवत परत जातात त्यांनाही द्यावं लागेल, हप्ता वर जाईल, हे लपवून ठेवण्यात अर्थ नाही. वकील, तारखा, व्याज यातलं काही वाचेल पण ते सगळं भरून काढेल असा दावा मी करणार नाही. काही जण म्हणतात हप्ता पेट्रोलमध्येच घाला म्हणजे बुडवायचा प्रश्नच नाही. आकर्षक आहे, पण दक्षिण आफ्रिका इंधनावरच्या आकारातूनच रस्ते अपघात निधी चालवते आणि तो निधी कायम तोट्यात असतो, आणि याचं एक मोठं कारण असं की पैसे गोळा करायची पद्धत बदलली पण द्यायची नाही, तिथे अजूनही चूक सिद्ध करावी लागते आणि वकिलांवर पाण्यासारखा पैसा जातो. शिवाय इलेक्ट्रिक स्कूटरवाले पेट्रोल कुठे भरतात? कुठून गोळा करायचं हे सोपं काम आहे. देताना काय विचारायचं, खरी गोम तिथे आहे.

तशी सुरुवात आपल्याकडे झालेलीही आहे. मे २०२५ पासून अपघातग्रस्ताला सात दिवसांपर्यंत दीड लाखाचे कॅशलेस उपचार द्यायची योजना आहे, त्यात चूक कोणाची हे विचारत नाहीत, आणि धडक देणाऱ्या गाडीला विमा नसेल किंवा ती पळून गेली असेल तर खर्च सरकार उचलतं. कायद्यातलं हे कलम एप्रिल २०२२ पासून लागू होतं, योजना निघायला तीन वर्षं आणि सुप्रीम कोर्टाचे फटके लागले, पण निघाली. मग आठव्या दिवशी काय होतं? सातव्या दिवशी रात्री बारापर्यंत ज्याला कोणी काही विचारत नव्हतं त्याला आठव्या दिवसापासून गाडीचा नंबर, पॉलिसीचा नंबर, साक्षीदार आणि पंचनामा का मागायचा? हाड जुळायला तीन महिने लागतात हे सरकारला माहीत नाही असं थोडंच आहे.

मिस्त्रींची पुढची तारीख दिवाळीनंतरची आहे. त्या दिवशी पंचनाम्यावर सही केलेल्या पंचाची साक्ष होणार आहे, चाक डांबरावर किती इंच होतं ते तो सांगेल म्हणे. तो रस्त्यापलीकडचा टपरीवाला होता. रस्ता रुंद झाला तेव्हा टपरी उठली, तो कुठे गेला ते कोणालाच माहीत नाही, आणि त्या जागेवरची साइडपट्टीही आता डांबरात गेलीय.